चावडी आणि दप्तर

पूर्वीं गांवोगांवीं दोन गोष्टी असत. एक चावडी आणि दुसरें दप्तर. चावडीवर चार माणसें जमत, वाद घालीत, जुन्या गोष्टी उकरून काढीत, आणि दिवेलागणीस आपापल्या घरीं जात. त्यांच्या बोलण्यांतून जें ठरे तें कुळकर्णी दप्तरांत उतरवी. चावडीवरचा शब्द वाऱ्यावर गेला तरी दप्तरांतली ओळ पुढल्या पिढीच्या हातीं लागे. चावडीवांचून दप्तर निर्जीव, आणि दप्तरावांचून चावडी विसराळू. आज मुंबईसारख्या शहरांत बोलण्याला तोटा नाहीं. चाळीच्या जिन्यावर, आगगाडीच्या डब्यांत, हातांतल्या मोबाइलवर बोलणें अखंड चाललेलें असतें. उणीव आहे ती दप्तराची. हें दप्तर सर्वांनीं मिळून कसें उभारावें, आणि त्याहून कठीण म्हणजे तें चालतें कसें ठेवावें, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. मी राहतों त्या भागांतलें रे रोड हें स्थानकच घ्या. १९१० सालीं कुर्ल्यापासून येथवर आगगाडी आली. १९२५ सालीं हा मार्ग विजेवर चालूं लागला. परंतु हा ‘रे’ कोण, असें रोजच्या प्रवाशाला विचारा. बहुधा उत्तर मिळणार नाहीं. १८८५ ते १८९० या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे यांचें तें नांव. आज माटुंग्यास वीरमाता जिजाबाईंच्या नांवानें ओळखली जाणारी तंत्रसंस्था १८८७ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत स्थापन झाली. शेजारच्या दारूखान्याचें नांव ऐकून परका मनुष्य गालांतल्या गालांत हंसतो. पण ही दारू पिण्याची नव्हे, बंदुकीची. ‘दारूगोळा’ या शब्दांत ती अजून जिवंत आहे. पुढलें स्थानक कॉटन ग्रीन. तेथील कापूसबाजाराची इमारत हिरव्या रंगाची, म्हणून ‘ग्रीन’, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक कापसाच्या गाठी पूर्वीं कोटांत टाउन हॉलपुढच्या हिरवळीवर रचीत. १८४४ सालीं तो बाजार कुलाब्यास हलला, आणि विसाव्या शतकांत शिवडीजवळ आला. जुन्या हिरवळीचें नांव असें मुक्कामामागून मुक्काम करीत येथवर पोंचलें.

या गोष्टी कोणी ना कोणी विचारतो, आणि जाणता मनुष्य त्या सांगतो. पुढल्या महिन्यांत दुसरा तेंच विचारतो. प्रश्न तोच, उत्तर तेंच, श्रम मात्र दर वेळीं नवे. आणि सांगणारा म्हातारा गेला कीं उत्तरही त्याच्याबरोबर जातें.

स्थानकांच्या नांवांची गोष्ट निदान ग्रंथांत शोधतां येते. याहून गंभीर हानि निराळी आहे. ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका १९६१ सालीं आपल्या आरमारांत दाखल झाली. १९७१ च्या युद्धांत तिनें बंगालच्या उपसागरांत कामगिरी बजावली. १९९७ सालीं ती निवृत्त झाली. पुढें कांहीं वर्षें मुंबईंत संग्रहालय म्हणून उभी राहिली. आणि अखेर २०१४ सालीं याच दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिला तोडण्यास आरंभ झाला. तिच्या पराक्रमाचा इतिहास लिहिला गेला आहे. परंतु एवढी प्रचंड नौका कापतात कशी, कोणता पत्रा आधीं उतरवितात, कोणत्या कोंदट टांकीजवळ ज्योत नेऊं नये, हें ज्यांच्या हातांना ठाऊक, त्या कामगारांचें ज्ञान कोणीं लिहिलें? त्यांतील पुष्कळसे दूरदेशचे. काम सरलें कीं आपल्या गांवीं जाणारे. नौका भंगारांत गेली तरी तिचें लोखंड वितळून पुन्हा उपयोगीं पडतें. ज्ञान भंगारांत गेलें तर तें कोणत्याही भट्टींतून परत निघत नाहीं.

ज्ञानाचें दप्तर बांधण्याचे यत्न महाराष्ट्रांत मोठ्या प्रमाणावर झालेले आहेत. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले. त्यासाठीं मर्यादित कंपनी काढली आणि वर्गणीदार जमविले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं वाईस मराठी विश्वकोशाचें कार्य सुरू झालें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, आणि २० वा पुरा होण्यास जवळजवळ चार दशकें लागलीं. ही कामें पंडितांचीं, आणि त्यांचें ऋण फिटणारें नाहीं. परंतु छापील खंडाला एक बंधन असतें. तो छापला कीं गोठला. शिवाय रे रोडच्या एखाद्या गल्लीला अशा कोशांत जागा कोठून मिळावी?

१९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें एक साधी युक्ति काढली. संगणकावर जें पान वाचावयाचें, तेंच वाचकाला तेथल्या तेथें दुरुस्त करतां यावें. होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाडीच्या नांवांत ‘विकी’ हा हवाई भाषेंतला शब्द होता. त्याचा अर्थ ‘लवकर’. तोच त्यानें आपल्या योजनेला दिला. पुढें २००० सालीं आंतरजालावर एक इंग्रजी ज्ञानकोश निघाला. त्यांतील प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात पायऱ्यांच्या तपासणींतून जाई. पहिल्या वर्षांत अवघे २१ लेख सिद्ध झाले. तेव्हां त्याच मंडळींनीं १५ जानेवारी २००१ रोजीं, कोणासही लिहितां येईल असा विकिपीडिया सुरू केला, आणि वर्षभरांत लेखांची गणती हजारोंनीं होऊं लागली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं झाला.

त्याच्या मराठी कर्त्यांनीं योजलेले शब्द मला फार आवडतात. नवशिक्यानें हात बसविण्याच्या जागेला तेथें ‘धूळपाटी’ म्हणतात. आपल्या पणजोबांनीं जिच्यावर बोटानें अक्षर गिरविलें आणि पुसलें, तीच ही. सर्वांनीं एकत्र बोलण्याच्या जागेला ‘चावडी’ हेंच नांव आहे. प्रत्येक लेखाच्या मागें ‘चर्चा’ नांवाचें पान असतें आणि ‘इतिहास’ असतो; कोणीं केव्हां कोणतें अक्षर बदललें याची नोंद त्यांत राहते. ज्या लेखांवर आपण लक्ष ठेवतों त्यांची ‘पहाऱ्याची सूची’ करतां येते. म्हणजे चावडी आणि दप्तर हीं येथें एकाच छपराखालीं आलीं आहेत. वाद चर्चेच्या पानावर, निर्णय लेखाच्या पानावर.

येथें कोणी विचारील कीं, ज्याला वाटेल त्यानें लिहावें, तर खोडसाळ माणूस सगळें बिघडवून टाकणार नाहीं काय? तो बिघडवितो, यांत शंका नाहीं. परंतु बिघडविण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळांत जुनें पान परत आणतां येतें, कारण इतिहास पुसला जात नाहीं. मात्र त्याला एक अट आहे. कोणीतरी पहाऱ्यावर असलें पाहिजे. सारें रहस्य या अटींत आहे. असा कोश लिहिणाऱ्यांच्या गर्दीनें उभा राहतो हें खरें, पण टिकतो तो रोज दहा मिनिटें पहारा करणाऱ्या चार माणसांमुळें. पहारेकरी गेले कीं आपोआप चालणारीं जाहिरातींचीं यंत्रें त्यांत घुसतात, आणि वर्षभरांत सुंदर बागेचा उकिरडा होतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. विकिपीडियाचा नियम असा कीं, विधानाला छापील किंवा तत्सम विश्वसनीय आधार पाहिजे. ‘मला ठाऊक आहे’ एवढें पुरत नाहीं. जागतिक कोशाला हा नियम आवश्यकच आहे. परंतु त्यामुळें लॉर्ड रे यांना तेथें सहज जागा मिळते, आणि जहाज कापणाऱ्या कामगाराच्या अनुभवाला मिळत नाहीं, कारण त्याच्याविषयीं कोणीं कांहीं छापलेलेंच नसतें. ज्याचें कधीं लिहिलें गेलें नाहीं, त्याचें पुढेंही लिहिलें जाऊं नये, असा हा फेरा आहे. तो मोडावयाचा तर वस्तीनें, पेठेनें, धंद्यानें आपापला लहानसा कोश स्वतः मांडला पाहिजे. विकिपीडिया ज्या यंत्रणेवर चालतो ती ‘मीडियाविकी’ नांवाची यंत्रणा कोणासही फुकट वापरतां येते. आंतरजालावर तिला जागा घेण्यापुरता खर्च काय तो येतो.

तें करावें कसें? प्रथम, मोठमोठे मथळे मांडून रिकामीं पानें निर्माण करूं नयेत. लोक खरोखर जे प्रश्न विचारतात त्यांतले वीस निवडावे आणि त्या वीसांचीं उत्तरें नीट लिहावीं. प्रत्येक विधानापुढें तें कोठून आलें हें लिहावें. ग्रंथांतलें असेल तर ग्रंथाचें नांव. तोंडी असेल तर कोणत्या दिवशीं, कोणत्या धंद्याच्या माणसानें सांगितलें, आणि नांव द्यावयाचें तर त्याच्या संमतीनेंच. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवावी. तिला इतिहासाचा पोशाख चढवूं नये. कोणाच्या घरगुती गोष्टी दप्तरांत आणूं नयेत.

तें टिकवावें कसें? आरंभशूरत्व हा आपला जुना दोष आहे. नव्याचे नऊ दिवस उत्साहाचे, आणि दहाव्या दिवशीं दप्तराला कुलूप. म्हणून प्रत्येक पानाला एक राखणदार नेमावा. महिन्यांतला एक रविवार ठरवून वाचनालयांत जमावें, आणि त्या महिन्यांत चावडीवर झालेल्या बोलण्यांतलें जें टिकाऊ तें पानावर चढवावें. किल्ल्या एकाच माणसाच्या खिशांत असूं नयेत. निदान तिघांपाशीं असाव्या. जागेचें भाडें एकट्यानें भरूं नये, कारण त्याचा कंटाळा म्हणजे कोशाचा अंत. आणि सगळ्या पानांची नक्कल दरमहा दोन निराळ्या ठिकाणीं ठेवावी.

शाळेंत आयुष्य घालविलेला मनुष्य म्हणून आणखी एक सांगतों. नवखा लेखक आपला पहिला परिच्छेद भीत भीत लिहितो. त्यांत शुद्धलेखनाचे दोष असतील, आधार नसेल. त्यावर तांबडी रेघ ओढून तो काढून टाकणें सोपें आहे. पण मग तो लेखक पुन्हा येत नाहीं. त्याचें वाक्य सुधारावें, काय बदललें तें दोन ओळींत सांगावें, आणि त्याला पुढलें पान द्यावें. दहांतले आठ तरीही जातील. जे दोघे राहतील ते दहा वर्षें पहारा करतील. ज्याला व्याकरण येत नाहीं पण पत्रा कापतां येतो, त्याला बोलूं द्यावें आणि आपण लिहून घ्यावें. शिकलेल्या घरांतील मंडळींना याहून उपयुक्त असें दुसरें काम मला दिसत नाहीं.

गांव करी तें राव न करी, ही म्हण आपण पुष्कळदां ऐकतों. परंतु गांव म्हणजे कोणी तिसरा नव्हे. आपल्या इमारतींत जो सर्वांत वृद्ध असेल त्याला आज रात्रींच विचारा कीं, या जागेवर पूर्वीं काय होतें, आणि तिचें नांव कोठून आलें. तो सांगेल तें तारीख घालून कागदावर उतरून ठेवा. उद्यां कोणी दप्तर उघडील तेव्हां पहिलें पान तयार असेल.