पावणेदोन एकराचं मैदान आणि आपल्या पोरी

वावरातून येऊन चूल पेटवत असाल तर रेडिओचा आवाज थोडा वाढवा. आज आम्ही बियाण्याबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचं आहे फुटबॉलबद्दल. हसू नका. गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा बायाही आधी हसल्याच होत्या. मग एकीने लेकीच्या कॉलेजची पावती पुढे केली. प्रवेश शुल्क, ग्रंथालय शुल्क, आणि त्याखाली क्रीडा शुल्क. ती म्हणाली, "माही पोरगी तर तिथं कोणताच खेळ खेळत नाही, मग हे पैसे कायचे?" कोणालाच सांगता आलं नाही. तिथून आम्ही विचारायला, वाचायला लागलो, की कॉलेजात आणि विद्यापीठात मुलींचा संघ तयार होतो तरी कसा.

आधी खेळ समजून घेऊ. पूर्ण मापाचं फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. आपल्या भाषेत पावणेदोन एकर. त्यात एका बाजूच्या अकरा जणी दीड तास पळतात. मोठ्या सामन्यात एकेक पोरगी नऊ-दहा किलोमीटर पळते. पाण्याची गुंडी घेऊन चढ चढणाऱ्या आणि दिवसभर निंदणाला वाकणाऱ्या घरातल्या पोरीला हे जमणार नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्याने एकदा तिच्याबरोबर वावरात यावं.

आता विद्यापीठाचं. आपला यवतमाळ जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतो. हे विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं, त्याआधी आपल्याकडची कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम असे पाच जिल्हे त्यात आहेत. पद्धत अशी असते की आधी कॉलेजांचे संघ एकमेकांशी खेळतात. त्यातून आणि निवड चाचणीतून चांगल्या खेळाडू निवडून विद्यापीठाचा संघ होतो. तो संघ पश्चिम विभागात इतर विद्यापीठांशी खेळतो, आणि विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. कागदावर ही शिडी सरळ दिसते. पण पहिली पायरी कॉलेजच्या संघाची आहे, आणि लहान कॉलेजात अकरा मुली मैदानात उतरायला तयारच नसतील तर पुढचं सगळं तिथेच थांबतं. चाचणीची सूचना फलकावर लागते, आठ दिवसांनी निघते, आणि पोरींना माहीतही होत नाही.

मग ज्या विद्यापीठात मुलींचा फुटबॉल खरंच वाढला, तिथे काय झालं? सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या चॅपल हिल इथल्या विद्यापीठाचं. तिथल्या मुली आपल्या आपणच जमून खेळायच्या. त्यांचा क्लब होता, पण विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान नव्हता. त्यांनी तो मागितला. मुलांच्या संघाचे प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स यांच्याकडेच मुलींचा संघ सोपवला गेला आणि १९७९ मध्ये तो सुरू झाला. १९८२ मध्ये तिथल्या विद्यापीठांची मुलींसाठीची मोठी राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली. ती याच संघाने जिंकली. तेव्हापासून २०२४ पर्यंत त्यांनी ती २२ वेळा जिंकली आहे. १९९१ मध्ये चीनमध्ये बायकांचा पहिला फुटबॉल विश्वचषक झाला, तो अमेरिकेने जिंकला, आणि त्या संघातल्या १८ पैकी ९ जणी या एकाच विद्यापीठातल्या होत्या.

यात डोरन्स यांचं कौतुक होतं आणि व्हायलाही हवं. पण आम्हाला त्यामागची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मुलींनी मागितलं तेव्हा विद्यापीठाला नाही म्हणणं अवघड होतं, कारण १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला होता. सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शाळा-कॉलेजात केवळ बाई आहे म्हणून कोणाला मागे ठेवता येणार नाही, असा तो कायदा. त्यात खेळाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं नव्हतं, पण खेळालाही तो लागू झाला. मुलींसाठी मैदान, प्रशिक्षकाचा पगार, गाडीभाडं, शिष्यवृत्ती यांचा हिशेब द्यावा लागला. कायद्याआधी तिथल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. पोरी त्याच होत्या, अंगातली ताकदही तीच होती.

याच्या उलट इंग्लंडात झालं. पहिल्या महायुद्धात तिथल्या बाया कारखान्यांत दारूगोळा बनवत आणि सुट्टीत फुटबॉल खेळत. प्रेस्टन गावच्या कारखान्यातल्या बायांचा संघ एवढा नावाजला की २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमध्ये त्यांचा सामना पाहायला ५३ हजार माणसं आली. तिकिटाचा पैसा धर्मादाय कामाला जायचा. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या मैदानांवर त्यांना खेळायला बंदी केली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. ब्राझीलमध्ये, जिथल्या फुटबॉलचं जगभर नाव आहे, तिथेही १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांच्या फुटबॉलवर कायद्याने बंदी होती. "बायांना हे जमत नाही" असं कोणी म्हटलं की आम्हाला ते ५३ हजार लोक आठवतात. जमत नसतं तर बंदी घालायची गरज पडली नसती.

आपल्या देशात बंदी नव्हती, पण कोणी वालीही नव्हता. १९७५ मध्ये बायकांच्या फुटबॉलसाठी वेगळी संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पाच वर्षांत, १९८० साली, केरळात कालिकतला आशियाई स्पर्धा भरली तेव्हा भारताने उत्तर आणि दक्षिण असे दोन संघ उतरवले, आणि त्यातला एक थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. १९८३ मध्ये भारत पुन्हा उपविजेता ठरला. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बायकांचा फुटबॉल देशाच्या मुख्य फुटबॉल महासंघाकडे गेला. बायकांची देशपातळीवरची लीग सुरू व्हायला मात्र २०१७ उजाडलं. मधल्या वर्षांत मणिपूरच्या पोरींनी हा खेळ जिवंत ठेवला. आता पुन्हा बरे दिवस दिसतात. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये जाऊन आपल्या संघाने थायलंडलाच २-१ असं हरवलं आणि २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे.

एवढ्या लांबचं कशाला, आपल्या नागपूरचं बघा. तिथल्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथेने ढकलत खेळताना दिसली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. पुढे मुलींचेही संघ झाले, आणि २०१६ मध्ये त्या कामाला जागतिक फुटबॉल संघटनेचा पुरस्कार मिळाला. त्यावरचा 'झुंड' सिनेमा तुमच्यातल्या कितीतरी जणींनी पाहिला असेल. रिंकू राजगुरूने केलेली पोरगी आणि तिचा बाप पासपोर्टसाठी कागद गोळा करत दारोदार फिरतात, तो भाग आठवा. आपल्याकडच्या कोलाम, गोंड पाड्यांवर जन्मदाखल्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात हे आपण जाणतोच. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. वयाचा पुरावा नसेल तर पोरगी कितीही चांगली असो, तिचं नाव यादीत जात नाही.

आणि झारखंडची अस्तम उरांव. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, अंतिम सामना नवी मुंबईत होता. त्यात भारताची कर्णधार गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली ही आदिवासी पोरगी होती. ती कर्णधार झाली म्हणून सरकारने तिच्या घरापर्यंत रस्ता करायला घेतला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईवडील रोजीने राबत होते. आपला संघ तिन्ही सामने हरला. अमेरिकेने तर आठ गोल केले. त्या पोरींना नावं ठेवणाऱ्यांना एवढंच विचारावं, की अमेरिकेतल्या मुली कितव्या वर्षापासून प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळतात आणि आपल्या कितव्या?

आमच्या मते खरी मेख इथेच आहे. विद्यापीठाचा संघ अठराव्या वर्षी होत नाही. तो बाराव्या-तेराव्या वर्षी होतो, नाहीतर मोडतो. आपल्या गावात पाचवीपर्यंत पोरी पोरांसारख्याच पळतात. मग पाळी येते आणि घरातून सांगणं सुरू होतं, आता बस झालं. धाकटी भावंडं सांभाळायची असतात, वेचणीला हात लागतात, शेवटची एसटी चुकली तर घरी कसं यायचं हा प्रश्न असतो. मग स्थळ येतं. विद्यापीठाच्या संघात खेळायला कॉलेजात नियमित प्रवेश लागतो. लग्नाने शिक्षण सुटलं की खेळही सुटला.

काही शंका बाया आम्हाला नेहमी विचारतात. पाळीत खेळलं तर चालतं का? दुखत नसेल, चक्कर येत नसेल तर चालतं. फार त्रास होत असेल तर डॉक्टरला दाखवायचं. कपडे तोकडे असतात का? चड्डीच्या आत त्याच रंगाची लांब घट्ट विजार घालता येते, डोकं झाकूनही खेळता येतं, नियमात बसतं. पोरगी धापा टाकते, लवकर थकते? तर रक्त कमी असण्याची शक्यता आहे, उपकेंद्रात तपासून घ्या. शाळेत आठवड्याला जी निळी लोहाची गोळी देतात ती पोरगी गिळते की दप्तरात ठेवते, तेही एकदा पाहा. बहुतेक दप्तरातच असते.

एक गोष्ट आपल्या तालुक्यात इतरांपेक्षा सोपी आहे. निवासी आश्रमशाळेत पन्नास-शंभर मुली एकाच आवारात राहतात. सांजच्या पारी एसटी पकडायची घाई नाही, अकरा जणी गोळा करायची अडचण नाही. एक मोकळी जागा, दोन चेंडू आणि शिकवणारं माणूस एवढं झालं तर शालेय स्पर्धेचा संघ उभा राहू शकतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती पुढे जाते. दिल्लीच्या सुब्रोतो चषकातही मुलींचा गट असतो. पालकसभेला आपण जेवणाचं विचारतो, अंथरुणाचं विचारतो, ते विचारलंच पाहिजे. त्याच दमात खेळाच्या तासाला मुली मैदानात असतात की आवार झाडतात, तेही विचारा.

आता त्या पावतीकडे परत येऊ. क्रीडा शुल्क पोरगी खेळो न खेळो, भरावंच लागतं. म्हणून जूनमध्ये प्रवेश घेताना कार्यालयात आणि क्रीडा शिक्षकांना तीन गोष्टी विचारा. मुलींचे कोणते संघ आहेत, विद्यापीठाच्या निवड चाचण्या कधी असतात, आणि बाहेरगावी खेळायला नेताना प्रवासखर्च कोण देतं. एकटीने विचारायला जीव घाबरत असेल तर गटातल्या चौघी मिळून जा. पोरींना मैत्रिणींसोबत लेखी अर्ज द्यायला सांगा आणि पोच घ्यायला सांगा.

स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याजवळ ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदाला कोणत्या पातळीची स्पर्धा चालते याचे नियम आहेत आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते, म्हणून तारीख, शिक्का आणि पोरीचं नाव बरोबर आहे ना हे हातात पडताच वाचून घ्या. आधारवर एक आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. नोकरीचा अर्ज भरायच्या वेळी त्याला फार दिवस लागतात.