घरातले वेळापत्रक
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



‘टाळेबंदीतील घर’ या विषयावर चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि २१ दिवस म्हणता म्हणता मे महिना संपला. पुष्कळांच्या घरी त्या दिवसांची दुःखे आहेत. त्यांना मी आज हात लावणार नाही. मी बोलणार आहे ते भांड्यांविषयी. हसू नका.

मी ३४ वर्षे शिक्षक होतो. निवृत्तीनंतरही माझा दिवस बाहेरच जाई. घर म्हणजे जेवण्याची आणि निजण्याची जागा. टाळेबंदीत मी, मुलगा आणि नातू असे तिघे पुरुष प्रथमच दिवसच्या दिवस घरात बसलो, आणि सुरुवातीचे दिवस खरोखर मजेत गेले. माळ्यावरचा कॅरम खाली आला. बोरिक पावडर संपली तेव्हा अंगाची पावडर टाकली; तीही संपली तेव्हा तांदळाच्या पिठाच्या डब्यात हात घालताना सूनबाईंनी मला पकडले. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले. १९८७ साली तीच मालिका पाहायला सारी वाडी टी.व्ही. असलेल्या एका घरी जमत असे. आता मी ती नातवंडांना शेजारी घेऊन पाहिली. नातवाने बापाचे केस कापले. बाप महिनाभर टोपी काढीना.

एप्रिलच्या अखेरीस रमजान आला. मशिदी बंद, तरावीह घरीच, इफ्तारला पाहुणे नाहीत, म्हणून मी म्हटले, “यंदा बायकांना आराम.” पत्नी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्याचा अर्थ कळावा म्हणून मी एक दिवस हजेरीच्या जुन्या रजिस्टरात घरातल्या प्रत्येकाचे वेळापत्रक मांडले. जुनी सवय! पहाटे साडेतीनला पत्नी आणि सून सहरीसाठी उठल्या. मग धुणे, केर-लादी, बाहेरून आलेली प्रत्येक पिशवी पुसून घेणे (हे नवे काम), दुपारपासून इफ्तारची तयारी, भाकऱ्या, पुन्हा चूल. नातीने तीनदा भांडी घासली. सगळ्यांचेच रोजे होते. रात्री अकराला रजिस्टर मिटले तेव्हा तिघींच्या रकान्यांत मधली सुट्टी कुठेच नव्हती. आमच्या रकान्यांत ‘कॅरम’ या विषयाला मात्र चार तास लागले होते.

हे माझ्याच घरचे नव्हे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. लक्षात घ्या, ही ९७ मिनिटे कामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. असे पुरुष शंभरात २६च निघाले. २०२४ च्या पाहणीत स्त्रीची मिनिटे २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटे!

रजिस्टर पाहून आम्ही पाळ्या लावल्या. त्या ईदपर्यंत टिकल्या. ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ आमच्या श्रीवर्धनच्या बाजूला आदळले, वीज गेली, पंप बंद पडला आणि पाणी विहिरीतून शेंदावे लागले. कोणी शेंदले, ते विचारू नका.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला जड जाते. वीज आली, शाळा फोनवर सुरू झाली. घरात चांगले फोन दोन. त्यातला एक मुलाबरोबर कामावर जाई. नात दहावीत, नातू सातवीत, आणि दोघांचे तास एकाच वेळी. निवाडा माझ्याकडे आला. जन्मभर मुलींना शिकवलेला मी म्हणालो, “त्याला दे. तू हुशार आहेस, तू रात्री बघ.” रात्री म्हणजे भांडी आटोपल्यावर. दिवाळीच्या सुमारास तिची बीजगणिताची वही माझ्या हाती आली. वर्गसमीकरणांपर्यंत भरलेली, पुढे ‘अंकगणिती श्रेढी’ एवढे नाव, आणि मग कोरी पाने. विचारले तर म्हणाली, “दादा, व्हिडिओ लावला की मला झोप येते.”

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. निकालात निम्मे गुण नववीचे धरले गेले, त्यामुळे नात उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. आम्ही पेढे वाटले. गुणपत्रिकेत कोरी पाने दिसत नाहीत. ती अकरावी शास्त्र शाखेच्या वर्गात दिसली. सहा महिन्यांत तिने ती शाखा सोडली आणि पुढच्या वर्षी वाणिज्य शाखेत अकरावी नव्याने सुरू केली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

आपल्यापैकी किती घरांत असाच निवाडा झाला असेल, हे आपले आपण आठवा. मी हात वर करायला सांगणार नाही.

ते रजिस्टर अजून माझ्याजवळ आहे. कॉलेजात गेल्यावर नातीने एका कोऱ्या पानावर नवे वेळापत्रक आखले आणि माझ्या नावापुढे ‘रात्रीची भांडी’ असे लिहिले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे पंधरा दिवस सोडले, तर तो तास मी चुकवलेला नाही. तिच्या भावाची हजेरी मात्र बरीच कमी आहे. तो आज सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे.