तळ्याचा काठ राखू या

(अनसिंग, जि. वाशीम येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणातून)



कोकण किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांमधील सखल जागी पावसाचे गोडे पाणी साचते. तेथे लव्हाळा, केवडा यांसारख्या वनस्पती वाढतात. भोवतालची वाळू मर्यादवेल धरून ठेवते. आपल्याकडे समुद्र नाही. परंतु तलावाच्या उथळ काठावर हेच कार्य लव्हाळा आणि पाणकणीस करतात. त्यांची मुळे माती धरतात, वाहून येणारा गाळ अडवितात आणि त्यांच्या दाटीत मासोळीची पिले व पाणपक्षी आसरा घेतात.

मर्यादवेलीचीच सगोत्र असलेली बेशरम मात्र तळ्यांना घातक ठरली आहे. फुले पाहताच हे नाते ध्यानी येते. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून आलेली ही वनस्पती गुरे सहसा खात नाहीत, आणि तिची तोडलेली फांदी ओल्या चिखलात पुन्हा रुजते. म्हणून ती मुळासकट उपटून कोरड्या जागी वाळवावी.

केंद्र शासनाच्या 2017 च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी बांधलेले तलाव येत नाहीत. त्यांच्या काठाची काळजी गावानेच वाहिली पाहिजे. तलावातील गाळ शेतीस उपकारक आहे, तो अवश्य काढावा. परंतु काठ उभा कापू नये. एका बाजूस उताराची उथळ पट्टी वनस्पतींसह राखावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी काठावरील वनस्पतींची ऋतुवार नोंद ठेवावी आणि गाळ काढण्यापूर्वी ती ग्रामसभेपुढे मांडावी. काय काढावे व काय राखावे, हे मग त्या नोंदीवरून ठरविता येईल.