फार्मसीचा प्रवेश : चाळणी कोणासाठी?

(शिक्षक व पालकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर काय लागते, या प्रश्नाचे उत्तर माहितीपुस्तिकेत चार ओळींत मिळते. बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय अनिवार्य, जोडीला गणित किंवा जीवशास्त्र, पदवीसाठी इंग्रजी हा आणखी एक विषय. दोन वर्षांच्या पदविकेला, म्हणजे डी. फार्म.ला, महाराष्ट्रात बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. चार वर्षांच्या बी. फार्म.ला राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा किंवा नीट द्यावी लागते. २००८ च्या नियमांनी सुरू झालेला फार्म. डी. हा अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे. अटी इतक्या साध्या दिसतात की त्यांत अर्थकारण शोधणे हा खोडसाळपणा वाटावा. परंतु प्रवेशाची कोणतीही अट एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरे देत असते. या कामाला कोणते ज्ञान लागते, हा पहिला प्रश्न. समाजातील कोणत्या मुलाला ते ज्ञान मिळविण्याची मुभा आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा होते. दुसऱ्याची होत नाही. आज विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. परकीय राजवटीत या देशात औषधे विकण्यास विशेष ज्ञान लागते असे कायदा मानीत नव्हता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील १९३०-३१ च्या समितीने या अनागोंदीवर बोट ठेवले. १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानंतर १९४८ साली फार्मसी कायदा आला आणि त्याच्या ४२ व्या कलमाने नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज अन्य कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देऊ नये, असा दंडक घातला.

या कायद्यातील एक तरतूद आज विस्मरणात गेली आहे. पहिली नोंदवही तयार करताना कायद्याने केवळ पदवी-पदविकाधारकांनाच स्थान दिले नाही. रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे बनवून देण्याचे काम केलेल्या माणसालाही दिले. जुन्या दवाखान्यातील कंपाउंडर हा त्या अर्थाने राज्याने मान्य केलेला जाणकार होता. त्याने हाताने मिळविलेले ज्ञान हेही ज्ञानच आहे, हे कायद्याने एकदा कबूल केले होते. पुढे शिक्षणाचे नियम १९५३ साली झाले, १९७२, १९८१ आणि १९९१ साली बदलले, पदविकेचे नियम २०२० साली पुन्हा नव्याने आले. या प्रवासात अनुभवाचे दार बंद झाले आणि शालेय गुणपत्रिकेचे दार तेवढे उरले.

हे अकारण झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५४ साली पिंपरीला सरकारी मालकीच्या कारखान्याची स्थापना झाली आणि पुढे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हापासून औषधाचे स्वरूपच पालटले. काढे आणि मिश्रणे यांची जागा मोजक्या मिलिग्रॅममध्ये काम करणाऱ्या द्रव्यांनी घेतली. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला कोणती मात्रा चालेल, दोन औषधे एकत्र घेतल्यास काय होईल, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती हे काम देणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ होय. म्हणून रसायनशास्त्राची अट योग्यच आहे. ती सैल करावी, अशी मागणी कोणाही विचारी माणसाने करू नये. गरीब रुग्णाला कमअस्सल औषधनिर्माता चालतो असे मानणे हा गरिबांचाच अपमान ठरेल. प्रश्न आहे तो अटीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा.

ही वाट दहावीनंतर लगेच सुरू होते. विज्ञान शाखा निवडली नाही तर सोळाव्या वर्षीच दार बंद होते आणि पुढे आयुष्यभर ते उघडत नाही. आता विज्ञान शाखा निवडणे हे केवळ आवडीवर अवलंबून नसते. गावात माध्यमिक शाळा असते, परंतु प्रयोगशाळा असलेले कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला असते. मुलगा एस.टी.ने जातो, मुलीच्या बाबतीत घरी विचार होतो, आणि पुष्कळदा कला शाखेची निवड ही मुलीची नसून बसच्या वेळापत्रकाची असते. शिवाय अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकविले जाते. दहा वर्षे मराठीतून शिकलेल्या मुलाला रसायनशास्त्र आणि परभाषा ही दोन ओझी एकाच वर्षी उचलावी लागतात. त्यात तो मागे पडला म्हणजे त्याची बुद्धी कमी, असा निष्कर्ष काढला जातो.

दुसरी पायरी प्रवेश परीक्षेची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांच्या प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळतात. गणिताची मात्र केवळ इंग्रजीतून. राज्याच्या राजभाषेत राज्याच्या परीक्षेचे गणित मांडता येऊ नये, याचे कोणतेही शास्त्रीय कारण दिसत नाही. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. ज्याच्या घरी संगणक नाही त्याला पडद्यावरचे प्रश्न आणि घड्याळ या दोहोंची सवय परीक्षेच्या दिवशीच करून घ्यावी लागते. सुमारे एकपंचमांश प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. आणि अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी कशी शिकविली जाते, हे येथे बसलेल्या पालकांना सांगण्याची गरज नाही. ती उणीव खाजगी शिकवणीवर्ग भरून काढतात, परंतु मोल घेऊन. म्हणजे परीक्षा एक, प्रश्न एक, वेळ एक. तयारीचा बाजार मात्र वेगवेगळ्या भावांचा. अशा परीक्षेतून निघालेल्या क्रमवारीला शुद्ध गुणवत्ता म्हणणे हे धाडसाचे आहे. तिच्यात गुणवत्ता आहेच. पण त्यात बापाची मिळकत किती मिसळली आहे, हे वेगळे काढून दाखविण्याची सोय गुणपत्रिकेत नसते.

तिसरी पायरी कागदांची. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही. २००१ साली अमलात आलेल्या कायद्यानुसार त्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्गीयांना उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला लागतो. त्याखेरीज अधिवास आणि उत्पन्न यांचे दाखले. खोटे दावे रोखावयास हवेत, हे मान्य. परंतु पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी मागितल्या जातात, आणि ज्या भटक्या कुटुंबाला गावच नव्हते त्याची नोंद कोणत्या दप्तरात सापडावी? ज्यांच्या घरी तीन पिढ्यांची कागदपत्रे पेटीत जपलेली आहेत त्यांना आरक्षणाची गरज कमी. ज्यांना गरज अधिक, त्यांच्याकडे कागद नाही. हक्क देताना तो सिद्ध करण्याचा सारा खर्च दुर्बळावर टाकला म्हणजे हक्क कागदावरच राहतो.

चौथी पायरी पैशाची. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण आले आणि शिक्षणाच्या प्रसाराचा भार राज्याने संस्थाचालकांवर, व संस्थाचालकांनी पालकांवर टाकला. शुल्कनियंत्रणाची यंत्रणा आहे. २०१५ चा कायदाही आहे. शिष्यवृत्त्या आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला, त्याचे मोकळेपणाने स्वागत केले पाहिजे. परंतु वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास यांचा खर्च शिक्षण शुल्कात येत नाही. आणि ही सवलत केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून आलेल्यांनाच आहे. त्या फेरीची एखादी तारीख चुकली, एखादा कागद वेळेवर चढवता आला नाही, की मुलगी संस्थेच्या दारात उभी राहते आणि तेथे पुन्हा पैशाचीच भाषा सुरू होते.

येथवर दार अरुंद असल्याचे वर्णन झाले. गंमत अशी की, हेच दार दुसऱ्या बाजूने पाहिले तर भलतेच रुंद आहे. गेल्या काही वर्षांत फार्मसीच्या संस्था इतक्या झपाट्याने निघाल्या की खुद्द भारतीय फार्मसी परिषदेने १७ जुलै २०१९ च्या ठरावाने पाच वर्षे नवीन संस्थांना बंदी घातली. संस्थाचालक न्यायालयात गेले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शिक्षणसंस्था काढणे हा घटनेच्या १९ व्या कलमाखालील हक्क आहे आणि त्यावर बंधन कायद्यानेच घालता येईल, परिषदेच्या ठरावाने नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय तर्कशुद्ध आहे. परंतु त्यानंतर जो कायदा व्हावयास हवा होता, तो झाला नाही. परिणामी संस्था वाढल्या, शिक्षक मिळेनात, जागा रिकाम्या राहू लागल्या. आणि रिकामी जागा भरण्याची घाई असलेला संस्थाचालक चाळणीची भोके मोठी करतो, हा बाजाराचा नियमच आहे.

यावर उपाय म्हणून २०२२ साली पदविकाधारकांसाठी बहिर्गमन परीक्षेचे नियम आले. पदविका मिळाल्यावर तीन प्रश्नपत्रिकांची ही परीक्षा, प्रत्येकीत किमान ५० टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाल्याखेरीज नोंदणी नाही, अशी ही तरतूद. गुणवत्तेसाठी ती आवश्यक वाटेल. परंतु तिचा न्याय पाहा. ज्या संस्थेने दोन वर्षे शुल्क घेतले आणि शिकविले नाही, तिला शिक्षा नाही. ज्याने कर्ज काढून शुल्क भरले, त्या मुलाला दारातून परत. प्रवेशाची गाळणी सैल ठेवावयाची आणि बाहेर पडताना घट्ट करावयाची, म्हणजे दोन्ही वेळा किंमत विद्यार्थ्याकडूनच वसूल करावयाची.

याची आणखी एक परिणती औषधांच्या दुकानांत दिसते. दुकानाच्या परवान्याला नोंदणीकृत औषधनिर्माता लागतो, दुकानाला भांडवल लागते. भांडवल एकाकडे, प्रमाणपत्र दुसऱ्याकडे. मग प्रमाणपत्र भाड्याने दिले जाते. भिंतीवर चौकटीत नाव एकाचे, गल्ल्यावर माणूस दुसराच. अर्थशास्त्रात ज्याला खंड म्हणतात, म्हणजे काम न करता केवळ कायद्याने निर्माण केलेल्या दुर्मिळतेपासून मिळणारे उत्पन्न, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, औषधनिर्मात्याविना चालणारी दुकाने व रुग्णालये हा नागरिकांच्या आरोग्याशी खेळ आहे. हे केवळ बिहारपुरते खरे आहे, असे कोणी मानू नये. ज्या ज्ञानासाठी एवढी चाळणी लावली, ते ज्ञान अखेर रुग्णापर्यंत पोहोचतच नसेल, तर ही चाळणी कोणासाठी?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. गणिताची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळाली पाहिजे. जात पडताळणीची जबाबदारी अर्जदारावर न ठेवता शासनाने आठवी-नववीतच शाळेमार्फत ती पार पाडावी. कला-वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी, तसेच रुग्णालयांत आणि औषधभांडारांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सहायकांसाठी, शासकीय संस्थांत रसायन व जीवशास्त्राचे एक पूर्वतयारी वर्ष असावे. त्याच्या अखेरीस परीक्षा तीच, कठोरपणे तीच. १९४८ च्या कायद्याने अनुभवाला एकदा मान दिला होता. त्याला ज्ञानाची जोड देऊन तो पुन्हा द्यावा. पदविकेतील ५०० तासांचे प्रशिक्षण सह्यांपुरते न राहता शासकीय रुग्णालयांत प्रत्यक्ष व्हावे. आणि संस्थांच्या संख्येवरील नियंत्रण ठरावाने नव्हे, संसदेच्या कायद्याने यावे. शिक्षक नसलेल्या संस्थेची मान्यता जावी आणि विद्यार्थ्याचे शुल्क परत मिळावे.

अटी कमी करा, अशी ही मागणी नाही. अट सर्वांना सारखी असेल तर तिच्यापर्यंतचा रस्ताही सर्वांना सारखा असला पाहिजे, एवढेच हे म्हणणे आहे. ज्या दिवशी वाडीवरची मुलगी तालुक्याच्या रुग्णालयात खिडकीमागे उभी राहून आपल्याच बोलीत म्हाताऱ्या रुग्णाला सांगेल की, ही गोळी जेवणानंतर घ्यायची आणि ही तिच्याबरोबर घ्यायची नाही, त्या दिवशी प्रवेशाचे नियम सार्थकी लागले असे म्हणता येईल.