आरशाशिवाय बॅले

ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात अंध आणि अंशतः दृष्टी असलेल्या तरुणी बॅले शिकतात आणि रंगमंचावर जाहीर प्रयोगही करतात. फर्नांडा बियांकिनी यांनी १९९५ साली हे वर्ग सुरू केले, तेव्हा त्या स्वतः किशोरवयीन होत्या.

बॅले एरवी आरशासमोर शिकतात. इथे विद्यार्थिनी शिक्षिकेच्या पायांना, पाठीला, खांद्यांना हात लावून शरीराची ठेवण समजून घेते. मग शिक्षिका तिचे हातपाय त्या ठेवणीत आणते. खरी कसोटी गिरकीची. डोळस नर्तकी समोरच्या एका बिंदूवर नजर रोखून दिशा राखते. अंध नर्तकीला तो आधार नाही. तिची भिस्त पायाखालच्या जमिनीवर, मोजलेल्या मात्रांवर आणि पुष्कळ सरावावर.

२०१२ साली लंडनच्या पॅरालिंपिक समारोपातही या वर्गांतल्या नर्तकी नाचल्या. पुढच्या पॅरालिंपिकचं यजमानपद ब्राझीलच्याच रिओकडे होतं. अशा प्रयोगांना टाळ्या भरपूर मिळतात, पण त्यांत दया किती आणि दाद किती, ही शंका उरतेच. पायाचा चवडा नीट ताणला गेला का, हे या वर्गात मात्र काटेकोरपणे तपासलं जातं. आता तिथे इतर दिव्यांग आणि डोळस विद्यार्थीही शिकतात.