ऊस, उसाला, गूळ, गुळाचा

जुन्नर-आंबेगावच्या पालकहो, शुद्धलेखन शिकवताना आधी नियम पाठ करून घेऊ नका. शिवारातले शब्द घ्या. पाटीवर 'ऊस', त्याखाली 'उसाला'; मग 'गूळ, गुळाचा', 'वीट, विटेवर'. सुटा शब्द दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व, हे मुलांनाच हेरू द्या. 'गुण', 'विष' संस्कृतातले, ते वेगळे; त्यांची घाई नको. शेवटचा इकार मात्र सहसा दीर्घ: पाणी, शिवनेरी. जोडाक्षराआधी बहुधा ऱ्हस्व, म्हणून 'जुन्नर'. मराठी साहित्य महामंडळाचे हे नियम शासनाने १९६२मध्ये स्वीकारले. १९७२मध्ये आणखी चार आले. डोंगरपट्ट्यातलं मूल 'पानी' म्हणालं तर हसू नका, ती त्याच्या घरची बोली. रोज चार-पाच शब्दांचं श्रुतलेखन पुरे. आणि लाल शाईने वही रंगवण्यापेक्षा चुकलेला शब्द त्यालाच शोधायला लावा.