पत्र राहतं कुठे?

ईमेल पाठवायचं बटण दाबलं, की पत्र थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. आधी ते आपल्या सर्व्हरकडे जातं, मग त्याच्या सर्व्हरकडे. या प्रवासाचे नियम म्हणजे एसएमटीपी. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ते लिहून प्रसिद्ध केले. एक सर्व्हर आधी दुसऱ्याला नमस्कार करतो, मग पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो, मग घेणाऱ्याचा. दुसरा दर वेळी ‘२५०’ हा आकडा कळवतो, म्हणजे ‘ठीक आहे, पुढे बोला’. किती सभ्य संभाषण!

आलेलं पत्र वाचायच्या मात्र दोन तऱ्हा. पॉप पद्धतीत ते आपल्या संगणकावर उतरतं आणि बरेचदा सर्व्हरवरून पुसलं जातं. माझ्या काकांची दहा वर्षांची पत्रं अशीच एका बिघडलेल्या हार्ड डिस्कबरोबर गेली. आजही हळहळ वाटते. मार्क क्रिस्पिन यांच्या आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहतं. फोनवर वाचलं, की संगणकावरही वाचलेलं दिसतं.

घरच्या संगणकावर जुना मेल प्रोग्रॅम असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये काय लिहिलंय ते आजच बघा. पॉप असेल, तर सर्व्हरवर प्रत ठेवण्याच्या पर्यायापुढे खूण करा.